म्हैस, टाकी आणि तीन उड्यांचं इंटरनेट

परभणी जिल्ह्यातून परत आल्यावर नाशिकच्या आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला तो, "काय काय पाहिलंस?" मी खरं तेच सांगितलं. एक म्हैस पाहिली, पाण्याच्या टाकीवर बसून येलदरीचं धरण पाहिलं आणि एक भांडण पाहिलं. ऐकणाऱ्यांचे चेहरे पडले. हिवाळ्याच्या सुटीत लोक समुद्राचे नाहीतर बर्फाचे फोटो आणतात, आणि मी एका म्हशीचे चौदा फोटो आणले होते. तेव्हा जे तिकडे गेले नाहीत, आणि बहुतेक जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी सगळं नीट लिहून काढते.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात बिनतारी संदेशवहन शिकवते. माझा खास विषय रिले. एका जागेचा सिग्नल दुसऱ्या जागी थेट पोचत नसेल, तर मध्ये एक यंत्र ठेवतात. ते इकडून ऐकतं आणि पुढे सांगतं, तो रिले. अशी दोन-तीन यंत्रं एकापुढे एक लागली की शेवटच्या माणसापर्यंत इंटरनेट पोचतं खरं, पण तापातून उठल्यासारखं. हा वेग का रोडावतो आणि कसा वाढवावा, यावर मी वीस वर्षं फळेच्या फळे भरून गणितं केली आहेत. पण रिले नावाचं यंत्र मी कधी हातात धरलेलं नव्हतं.

डिसेंबरात फोन आला. "मॅडम, मी गजानन. शेवटच्या बाकावरचा."

शेवटच्या बाकावर माझे इतके विद्यार्थी होऊन गेले आहेत की त्यांचं एक स्वतंत्र गाव वसेल. तरी हा आठवला. परीक्षेत रिलेची आकृती काढायला सांगितल्यावर याने त्यात झाड, घर आणि ढगसुद्धा काढले होते.

"बोल गजानन."

"मॅडम, तुमचं गणित आमच्या गावात चालंना झालंय."

त्याचं जिंतुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि घर येलदरीच्या बाजूला, पिंपळटाकळीत. गाव माळाच्या कुशीत दडलेलं, त्यामुळे रेंज नाही. तारेचं इंटरनेट रस्त्यावरच्या मोठ्या गावापर्यंत येऊन थांबलेलं. गजाननने तिथून एक डिश माळावर, माळावरून एक टाकीवर, टाकीवरून एक गावात अशा तीन उड्या मारून इंटरनेट घरी आणलं होतं. पहिल्या उडीला ते दणदणीत होतं, तिसरीला गळपटायचं.

"व्हिडिओ हालतच न्हाई मॅडम. आन् मामाला व्हिडिओच लागतो."

"मामा एवढं काय बघतात?"

"पोरीशी बोलतो. तो बोलत न्हाई ना."

मला काही समजलं नाही. तरी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी बॅग भरली.

देवगाव फाटा

"फाट्यावर उतरा, मी गाडी घेऊन येतो," असं गजानन म्हणाला होता. संभाजीनगरहून निघालेली एसटी जालना, मंठा करत पुढे आली आणि कंडक्टर ओरडला, "फाटाऽऽ!" मी आज्ञाधारकपणे उतरले. एसटी गेली. तिथे टपऱ्या होत्या, ट्रक होते, चारी दिशांना रस्ते होते. गजानन नव्हता.

चहावाल्याने मला शांतपणे न्याहाळलं. "कुडं जायचं बाई?"

"पिंपळटाकळी."

"ती तर जिंतूरच्या पल्याड. मंग इथं कामून उतरल्या?"

"मला फाट्यावर उतरायला सांगितलंय."

त्याने गाळणं बाजूला ठेवलं. "बाई, हा देवगाव फाटा. तुमचा टाकळी फाटा. निस्तं फाटा म्हनल्यावर कसं व्हईल? मराठवाड्यात मानसापरीस फाटे जास्त हायती."

आमच्याकडे चुकलेल्या माणसाला लोक रस्ता सांगतात आणि आपापल्या कामाला लागतात. इथे आधी मला बाकावर बसवलं, भजी दिली, मी कोणाची, माहेर कुठलं, नवरा काय करतो आणि त्याने एकटीला का सोडलं, एवढी चौकशी पुरी झाली. मग मी काय शिकवते हे विचारलं. मी मोठ्या उत्साहाने रिले समजावला.

"म्हंजी मधला मानूस," चहावाला म्हणाला. "निरोप्या."

"अगदी बरोबर."

"मंग तो निरोप खाऊन टाकनारच की. त्यात शिकवायचं काय?"

वीस वर्षांच्या अध्यापनाचं सार एवढ्या थोडक्यात कोणी मांडलं नव्हतं. पुढच्या एसटीत त्याने मला हाताला धरून चढवलं आणि कंडक्टरला बजावलं, "जिंतूरलाच उतरीव हां. फाटा म्हनू नको, लगेच उतरती."

पिंपळटाकळी

जिंतूरहून गजाननने मला मोटरसायकलवर घरी आणलं. त्याची आई कौसल्यामावशी. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला "मास्तरीणबाई" करून टाकलं आणि पुढ्यात ताट आणून ठेवलं. ज्वारीची टम्म फुगलेली भाकरी, ठेचा आणि येसर आमटी. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ म्हणजे येसर. ते पाण्यात कालवून उकळलं की जी आमटी होते, तिच्यापुढे आमच्या नाशिकच्या रश्श्याचा मला असलेला अभिमान जरा गप्प बसला. तीन भाकऱ्यांनंतर मी ताटावर हात आडवा धरला. चौथी हाताखालून आली.

जेवण झाल्यावर मामा आले. केशवमामा म्हणजे मावशींचे धाकटे भाऊ, गावचे सुतार. शिडशिडीत, कानावर पेन्सिल, सदऱ्यावर भुसा. जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलत नाहीत. त्यांनी मला नमस्कार केला, मग स्वतःच्या डोक्याला बोट लावून माझ्याकडे दाखवलं आणि दोन्ही हात आकाशाएवढे पसरले.

"लय हुशार बाई आली म्हनतोय," मावशींनी सांगितलं.

मग मामांनी गजाननकडे बोट केलं आणि तीच खूण चिमटीएवढी केली. त्याचा अर्थ कोणी सांगायची गरज पडली नाही.

मामांची बायको पाचेक वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगी, पल्लवी. तिला ऐकू येतं, बोलता येतं, आणि बापाशी ती लहानपणापासून घरच्या खुणांनी बोलते. या खुणा त्या घराच्याच. मावशींना येतात, गजाननला निम्म्या येतात, बाकी जगाला येत नाहीत. पल्लवी संभाजीनगरला होस्टेलवर राहून बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. तुमच्या-आमच्या घरी रेंज कमी असली तर आपण व्हिडिओ बंद करून नुसतं बोलतो. मामांना ती सोय नव्हती. चित्र थांबलं की हात थांबला, आणि हात थांबला की वाक्य तुटलं.

"दिवाळीनंतरची गंमत सांगते," मावशी म्हणाल्या. "पोरगी काहीतरी सांगायलीय आन् हात गेला गळ्यापाशी. तितंच चित्र थांबलं. पाव घंटा थांबलं. पोरीचा हात गळ्याला, तोंड उघडं, डोळे वर."

"मग?"

"मंग काय! ह्यो गेला घोंगडी घेऊन. एसटीनं. तीन गाड्या बदलून. पोरगी आजारी पडली म्हनून."

"आणि तिला काय झालं होतं?"

"काय व्हनार! होस्टेलचं नवं ओळखपत्र मिळालं, गळ्यात घालायचं, ते सांगायली व्हती. ह्यो तितं पोचला तव्हा समोसा खायली व्हती."

मामांना गोष्ट कोणती चालली आहे ते कळलं असावं. ते अजिबात हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून गळ्याला हात लावला, तसाच धरून ठेवला, मग छातीवर मूठ दोनदा आपटली. ती पाव घंट्याची गोष्ट त्यांना अजून आतून हलवत होती. मावशींनीही याचं भाषांतर केलं नाही.

त्या क्षणापर्यंत वेग ही माझ्यासाठी आलेखावरची रेघ होती.

माळावर

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप काढला आणि गजाननने साठवलेल्या नोंदी पाहिल्या. वेग एकंदर कमी होताच, पण रोज सकाळी अकराच्या आणि दुपारी चारच्या सुमाराला तो जवळजवळ शून्यावर कोसळत होता. रोज! मी हर्षभरित झाले. असा नियमितपणा निसर्गात सहसा सापडत नाही. धरणाच्या पाण्यावरून परावर्तन होत असेल का? तापलेल्या हवेच्या थरांमुळे लहरी वाकत असतील का? मी वहीत दोन पानं लिहिली आणि शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं.

"चल, अकरा वाजता माळावर उभं राहून मोजमाप घेऊ," मी म्हणाले.

कापसाच्या शेवटच्या वेचणीची शेतं ओलांडून आम्ही माळावर चढलो. मामाही आले. लोखंडी खांबावर गजाननची डिश होती, खाली बॅटरीची पेटी. वारा पडलेला, आकाश निरभ्र. अकरा वाजले. मी लॅपटॉपवर डोळे लावून बसले. वेग स्थिर. आणि एकाएकी रेघ खाली कोसळली.

"आलं!" मी ओरडले. "हवेचा थर!"

मामांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि मागे बोट दाखवलं.

एक भलीमोठी म्हैस खांबाला पाठ घासत होती. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर परमानंद. तिच्या प्रत्येक घासणीबरोबर खांब डोलत होता, डिश कधी गावाकडे, कधी धरणाकडे, कधी थेट स्वर्गाकडे पाहत होती. डावी बाजू झाली तशी ती सावकाश वळली आणि उजवी घासू लागली.

"ही विठाबाईची," गजानन म्हणाला. "धरनावर पान्याला जाताना एकदा आन् येताना एकदा इथून जाती."

"अकरा आणि चार?"

"मॅडम, टाईमाला लय पक्की हाय."

मी वही मिटली. मामा जमिनीवर बसून पोटभर हसत होते. ते हसताना आवाज जवळपास येत नाही, नुसते खांदे हलतात. मलाही हसू फुटलं आणि थांबेना. म्हैस आमच्याकडे जरा तुच्छतेने पाहत निघून गेली.

मामांनी लगेच खांबाची उंची पंजाने मोजली, कानावरची पेन्सिल काढून हातावरच आकडे लिहिले. दुपारी चारच्या आत बाभळीच्या दांड्यांचं कुंपण खांबाभोवती उभं होतं. पण म्हशीचं काय? तिची सवय मोडायची कशी? त्यावर मामांनी दहा हात पलीकडे एक जाडजूड, मुद्दाम खरबरीत ठेवलेलं लाकूड रोवलं. चार वाजता म्हैस आली, कुंपण पाहून थबकली, नव्या लाकडाचा वास घेतला आणि त्याला टेकली. तिच्या चेहऱ्यावरून ते पहिल्यापेक्षा सरस असावं. चौदा फोटो त्या वेळचे.

कोसळणं थांबलं, पण वेग काही वाढला नाही. रात्रीतून आपोआप सुधारेल या आशेवर राहण्याइतकी मी आता भाबडी उरले नव्हते. मी गजाननला विचारलं, "तिन्ही उड्यांना चॅनेल कोणता दिलास?"

"एकच, मॅडम."

"एकच का?"

"एकोपा राहावा म्हनून."

मी कपाळाला हात लावला. तीन माणसं एका खोलीत एकदम बोलू लागली तर एकाचंही कुणाला कळत नाही. शिवाय मधल्या रिलेत एकच रेडिओ. तो ऐकत असताना बोलू शकत नाही, बोलत असताना ऐकू शकत नाही. म्हणून प्रत्येक उडीला वेग अर्धा होत होता. हे मी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात दोन तास शिकवलं होतं.

"तेव्हा मी ढग काढत असेन," गजानन म्हणाला.

उपाय सरळ होता. टाकीवर दोन रेडिओ, एकाने ऐकायचं, दुसऱ्याने बोलायचं, आणि दोघांचे चॅनेल वेगळे. दुकानात त्याच्याकडे रेडिओ बसवलेल्या दोन जादा डिश पडून होत्या. "उद्या टाकीवर चढून जोडू," मी बोलून गेले.

टाकीवर

पिंपळटाकळीची टाकी उंच आहे. किती ते मी मोजलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. बाहेरून लोखंडी शिडी. गजानन आणि मामा सरसर वर गेले. मी पदर खोचला, लॅपटॉपची बॅग पाठीवर घेतली आणि निघाले. अर्ध्यात गेल्यावर खाली पाहिलं, ती चूक झाली. पाय जागच्या जागी चिकटले.

खाली गाव जमा झालं. प्रत्येकाकडे सल्ला होता.

"बाई, खाली बगू नका!"

"वर बी बगू नका, चक्कर येती!"

"समोर बगा!" समोर सिमेंट होतं.

"मागच्या सरपंचाचा भाऊ असाच अडकला व्हता!"

"मंग?"

"मंग काय, उतरला की. दुसऱ्या दिशी."

कौसल्यामावशींनी माझं कल्याण केलं. त्या खालून कडाडल्या, "मास्तरीणबाई, वर गेल्या तर चहा हाय, खाली आल्या तर निस्ता गोंगाट हाय!" हे इतकं पटलं की मी वर गेले. मग खरोखरच दोरीला बांधलेली किटली वर आली, मागोमाग पेले.

वर पोचल्यावर मी टाकीच्या मध्यभागी मांडी घालून बसले आणि तिथून हलायचं नाही असं जाहीर केलं. एका हाताने मी टाकीचं झाकण धरलं होतं. थोड्या वेळाने धीर करून मान उचलली. समोर येलदरीचं पाणी पसरलेलं, त्यावर मासेमाऱ्यांचे दोन ठिपके, धरणाची लांब भिंत, हिरव्या ज्वारीचे तुकडे. आणि उजवीकडे, माळ जिथे थोडा खाली वाकतो तिथे, उन्हात काहीतरी चमकत होतं.

"गजानन, ते काय रे?"

"ते? ते रस्त्यावरचं गाव. ग्रामपंचायतीची गच्ची. डिश चमकायलीय."

"जिथे तारेचं इंटरनेट येतं, ती?"

"व्हय."

"इथून दिसते?"

तो उभा राहिला. डोळ्यांवर हात धरला.  टाकीवर तो पन्नासदा चढला होता, पण काम करायचा तो शिडीच्या बाजूला, उभ्याने, घाईत. मधोमध भीतीने बूड टेकून बसायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. तिथून माळाची अख्खी उडीच गाळता येत होती. डिशला डिश दिसली की मधला माणूस कशाला हवा?

गजानन मोटरसायकलवर रस्त्यावरच्या गावी गेला, तिथली डिश आमच्याकडे फिरवायला. मामांनी आमच्या डिशसाठी सागाची जाड फळी कापून आणली होती, ती कठड्याला पक्की केली. टाकीवर फोनला रेंज होती.

"मॅडम, डावीकडं फिरवू का उजवीकडं?"

"डावीकडे."

"माझ्या डावीकडं का डिशच्या डावीकडं?"

"डिशच्या."

"डिशचं तोंड मानायचं का पाठ?"

खालून गावही मदत करत होतं. "उजवीकडं! न्हाई न्हाई, धरनाकडं!" कोणाला काहीही दिसत नव्हतं.

या गदारोळात एकच माणूस निवांत काम करत होता. मामांना यातलं काही ऐकूच येत नव्हतं. ते डिशपाशी उभे राहून माझ्या हाताकडे पाहत होते. मी लॅपटॉपवरचा सिग्नल बघून तळहात जरासा डावीकडे केला, डिश जराशी डावीकडे. चिमूट दाखवली, चिमूटभर वर. पंजा उघडला, थांबले. तीन मिनिटांत काम झालं. गजाननच्या डाव्या-उजव्याचा निकाल लागायला मात्र पाऊण तास गेला.

शेवटी दोन्ही डिश समोरासमोर आल्या. गावाकडच्या दुसऱ्या डिशला मी वेगळा चॅनेल दिला. वेग मोजला. सकाळी दीड एमबी होता, आता अठ्ठावीस. मी पुन्हा मोजला. एकतीस. मी मामांकडे पाहून दोन्ही हात आकाशाएवढे पसरले.

खालून कोणाचा तरी फोन वाजू लागला, मग दुसऱ्याचा, मग एकदम सगळ्यांचे. गजानन परत येऊन ओरडत होता, "मॅडम, बुंगाट पळायलंय! बुंगाट!"

राहता राहिलं माझं उतरणं. मामांनी माझ्या कमरेला दोर बांधला, माझ्या खालच्या पायरीवर स्वतः उभे राहिले आणि माझं एकेक पाऊल हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवत मला जमिनीवर आणलं. गावाने टाळ्या वाजवल्या. माळाची उडीच गाळल्यामुळे तिथलं कुंपण आणि म्हशीचं लाकूड दोन्ही आता बिनकामाची ठरली होती. मी मामांना खुणेने तसं सुचवलं. त्यांनी मान हलवली आणि पाठ घासून दाखवली. म्हशीला आहे की काम.

मामांच्या पडवीत

रविवारी सकाळी दहाला पल्लवीचा फोन ठरलेला. मामांच्या पडवीत अर्धवट झालेल्या खिडक्यांच्या चौकटींमध्ये आम्ही बसलो. मामा आंघोळ करून, केस चापून, पांढरा सदरा घालून आलेले. गजाननने फोन चौकटीला टेकवला.

पल्लवी दिसली. इतकी स्वच्छ, की तिच्या कपाळावरची टिकली जरा तिरकी आहे तेही दिसलं. बाप-लेकीचे हात सुरू झाले. मावशी भाषांतर करत होत्या.

"जेवलीस का म्हनतोय. जेवले म्हनतीय. नेट चांगलं झालं म्हनतोय. मास्तरीणबाईनं केलं म्हनतोय. आता बँकेच्या परीक्षेचं इचारतोय."

आणि चित्र थांबलं.

पल्लवीचा हात अर्धवट वर, तोंड किंचित उघडं, डोळे एकटक.  गजाननने घाईघाईने वेग मोजला. "तीस! मॅडम, तीस दाखवतंय!" मी चॅनेल तपासला, टाकी तपासली, सगळं ठीक. "तिच्या बाजूचं गेलं असेल," मी म्हणाले. "टाकीवर जाऊन बगतो," म्हणत गजानन चपला शोधू लागला.

तेवढ्यात पडद्यावर, पल्लवीच्या मागून, एक मुलगी तोंडात ब्रश घेऊन चालत आली. तिने कॅमेऱ्यात आम्हाला पाहिलं, फेसाळलेल्या तोंडाने नमस्कार केला आणि निघून गेली. पल्लवी पुतळ्यासारखी तशीच.

गजाननच्या हातातली चप्पल हातात राहिली.

मामांनी ते आमच्या आधी ओळखलं होतं. आयुष्यभर त्यांनी माणसांचे चेहरे आणि हातच वाचलेत. त्यांनी आम्हाला बोटाने गप्प केलं. मग स्वतः एक हात वर उचलला, तोंड किंचित उघडं ठेवलं आणि तेही थांबले.

अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. बाप इकडे पुतळा, लेक तिकडे पुतळा. मधे तीस एमबीचा वेग फुकट वाहत होता.  मावशींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शेवटी पडद्यावरच्या पल्लवीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. "गजूदादा?" ती हळूच म्हणाली. "बाबांचं थांबलंय का रे? नेट गेलं का?"

मामांनी टाळी वाजवली आणि तिच्याकडे बोट रोखलं.

मग भांडण झालं. बँकेच्या परीक्षेचा विषय निघाला की ही मुलगी चार महिने अशी थांबत होती. खरं नेट बिघडायचं तेव्हा तर काही प्रश्नच नव्हता. गळ्यावर हात ठेवून थांबलेलं चित्र मात्र खरंच थांबलेलं होतं, हे तिने शपथेवर सांगितलं. मामांचे हात इतक्या वेगाने चालत होते की जुन्या वेगात त्यातलं एक अक्षर पोचलं नसतं.

"काय म्हणतायत?" मी मावशींना विचारलं.

"काही न्हाई. शिव्या द्यायलाय."

पुढची पाच मिनिटं मामांचे हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. "आता?"

"न्हाई म्हनतोय."

"एवढ्या वेळात फक्त नाही?"

"लय प्रकारचं न्हाई हाय त्येच्याकडं."

हळूहळू उलगडा झाला. पल्लवीने बँकेचा क्लास कधीच सोडला होता. ती लाकडी सामान बनवायचा अभ्यासक्रम शिकत होती. मामांचं म्हणणं, सुतारकीत अंग मोडतं, बोटं जातात, माझ्या पोरीने खुर्चीत बसून काम करावं. पल्लवी हातांनीच ओरडली, आणि हे मावशींनी शब्दाला शब्द सांगितलं, "खुर्चीत बसायचं म्हनतोस, मंग ती खुर्ची कोन करायचं?"

मामा हात मांडीवर ठेवून बसले.

पल्लवी उठली आणि एक स्टूल घेऊन आली. स्वतः केलेलं. फोनसमोर धरलं, फिरवलं, उलटं केलं. मामा पुढे सरकले, आणखी पुढे सरकले, नाक जवळजवळ फोनला लागलं. पायाच्या सांध्यावर बोट ठेवून त्यांनी तिला फोन आणखी जवळ आणायला लावलं. चित्र एकदाही तुटलं नाही. लाकडाच्या रेषा मोजता आल्या असत्या.

मग त्यांनी मान जोरात हलवली आणि सांध्यावर टीका सुरू केली.

"सांध्यात बसनारा कान बारीक कापला म्हनतोय. सहा महिन्यात हालंल म्हनतोय." मावशींनी डोळे पुसले. "आता तिला शिकवायलाय माय."

मामांनी चौकटीचा एक तुकडा उचलला, पटाशी घेतली आणि फोनसमोर सांधा कापून दाखवू लागले. तिकडे पल्लवी वही घेऊन बसली. गजाननने मला खूण केली आणि आम्ही बाहेर येऊन अंगणात बसलो. आत चाळीस मिनिटं ठकठक चालली होती.

परतताना

सोमवारी निघताना मामांनी माझ्या हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक लांबट बोचकं दिलं. वाटेत संभाजीनगर आहे, तिथे पल्लवीला द्यायचं. मावशींनी वर धपाट्यांचा डबा दिला. एसटीत शेजारच्या आजीबाईंनी बोचकं चाचपलं आणि टोक लागताच थोडं दूर सरकून बसल्या. पुढचा प्रवास मला ऐसपैस जागा मिळाली.

संभाजीनगरच्या बसस्थानकावर पल्लवी आली. मला पाहून लाजली, पुतळा प्रकरणाबद्दल माफी मागितली. मग तिने तिथेच बाकावर बसून फडकं सोडलं. आत तीन पटाश्या होत्या. मुठी घामाने काळ्या झालेल्या, जुन्या.

"या तर बाबांच्या आहेत," ती म्हणाली. "कुणाला हात लावू देत नाहीत. मलाही नाही."

तिने मधली पटाशी उचलली, सुतार बघतात तसं पातं मनगटावर हलकेच फिरवून पाहिलं. थोडी लव साफ निघून आली. 

"नवी धार आहे," ती म्हणाली. "कालच लावलीय."

नाशिकची गाडी लागली होती आणि कंडक्टर घंटी वाजवत होता. ती मात्र बाकावरून उठलीच नाही, दुसरी पटाशी तपासत होती.